आत्याच्या खुब्यातला हिरा

आत्या : आणखी एकदा? अगं, आता काय फॅशन शोला पाठवतेस मला? खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. फरशी झिजली.

भाची : एकदाच. आणि चपला काढून.

आत्या : चपलांनी काय घोडं मारलंय?

भाची : आवाज होतो त्यांचा.

आत्या : मग होऊ दे की. चालणाऱ्याचा आवाज होणारच. मी काय मांजर आहे?

भाची : आत्या, प्लीज.

आत्या : बरं बाई. हे घे. डावा, उजवा, डावा, आणि हे वळण. वळण बघितलंस? इंडिकेटर तेवढा द्यायचा राहिला. जन्मभर लोकांना गाडी वळवायला शिकवली, आता स्वतःला वळवतेय. झालं समाधान?

भाची : दुखतं का कुठे?

आत्या : नाही.

भाची : जांघेत? मांडीत? कूस बदलताना?

आत्या : नाही म्हटलं ना. तू हाडांची डॉक्टर कधीपासून झालीस? हाडं डॉक्टरांकडे, लेप तुझ्याकडे. अशी वाटणी आहे आपली.

भाची : लेप माझ्या एकटीचा नाही. लॅबचा आहे.

आत्या : हो, हो, लॅबचा. पण मशिनपाशी उभी कोण होती? बंद टाकीतली सगळी हवा उपसायची, मग गॅस सोडायचा, आत जांभळा उजेड पडतो आणि त्या उजेडात धातूच्या गोळ्यावर कार्बन बसत जातो. तूच सांगितलंस ना? मी खालच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकवलंय. म्हटलं, माझ्या खुब्यात हिरा आहे, भाचीने घडवलेला.

भाची : हिरा नाही गं. हिऱ्यासारखा. थोडा हिऱ्यासारखा, थोडा पेन्सिलीतल्या शिशासारखा. कितीदा सांगितलं.

आत्या : ‘सारखा’ म्हटलं की लोकांची तोंडं पडतात. तेवढा शब्द मी गाळते.

भाची : नको गाळूस. आता तरी नको गाळूस.

आत्या : आता म्हणजे?

भाची : काही नाही.

आत्या : चहावर साय धरलीय तुझ्या. काल जेवली नाहीस. लॅबमधून आलीस ती ही पिशवी पोटाशी धरून बसलीयेस, जशी काही आत कुणाची तरी ठेव आहे. मुंगे, इकडे बघ माझ्याकडे.

भाची : मुंगे म्हणू नकोस, मला रडू येईल.

आत्या : येऊ दे. दादाने तुला माझ्याकडे शिकायला ठेवलं, तेव्हा स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत जिना चढत होतीस, म्हणून मुंगी. आणि कुणी मदतीला हात लावला तर चावायचीस. अजून तशीच आहेस. काय झालंय?

भाची : मला सांगता येत नाही.

आत्या : येत नाही की सांगायचं नाही?

भाची : लॅबला पैसे देणाऱ्या कंपनीच्या कागदावर सही आहे माझी. चाचण्यांचं बाहेर काही बोलायचं नाही. ज्यांना सांधे बसवलेत त्यांच्याशी तर मुळीच नाही.

आत्या : म्हणजे माझ्याशी.

भाची : तुझ्याशी.

आत्या : एका घरात राहून?

भाची : कागदाला घर कळत नाही.

आत्या : आणि बोललीस तर?

भाची : माझं जे काही आहे ते गेलं. प्रबंधावर सरांची सही व्हायचीय अजून. आणि लॅबमधली बाकीची दोघं याच प्रकल्पावर आहेत. त्यांनाही माझ्यामुळे घरी बसावं लागेल.

आत्या : आणि नाही बोललीस तर?

भाची : म्हणून तर तुला चालायला लावलं.

आत्या : अच्छा.

भाची : आत्या, मी...

आत्या : थांब. तोंड उघडायचं नाही. शिकाऊ माणूस बावरला की मी काय सांगायचे? पाय उचल, हात चाकावर ठेव, बाकी काही करू नकोस. गाडी मी थांबवते.

भाची : तिथे तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. इथे कुठे आहे?

आत्या : ते बघू. बेल वाजतेय. उघड जा.

भाची : सर! तुम्ही? इथे?

सर : फोन उचलत नाहीस. निरोपाला उत्तर नाही. कपाटातले नमुने जागेवर नाहीत. मग मी काय करायचं?

आत्या : या, या, आत या. जिन्याने दमलात ना? ऑपरेशनच्या वेळी फुलं घेऊन आला होतात तुम्ही, आठवतं मला. ती खुर्ची नको, ती डुगडुगते. इकडे बसा.

सर : नाही, मी बसत नाही, ताई. थोडं स्पष्टच बोलतो, राग मानू नका. हिने तुम्हाला जे काही सांगितलं असेल, त्याने घाबरून जाऊ नका. लेप सुटतोय हे चाचणीच्या मशिनमधलं निरीक्षण आहे. माणसाच्या शरीरातलं नाही.

आत्या : लेप सुटतोय?

सर : म्हणजे... हिने...

भाची : मी काहीच सांगितलं नव्हतं, सर.

आत्या : एक अक्षर नाही. चहावर साय धरली, पण पोरीने तोंड उघडलं नाही. सांगितलंत ते तुम्ही. आता बसाच.

सर : अरे देवा.

आत्या : देवाला मधे आणू नका. अर्धं सांगितलंत, उरलेलं अर्धं पोटात ठेवू नका. मला कळेल असं सांगा. क्लच आणि गिअर मला चांगले कळतात, बाकीचं सावकाश.

सर : असं बघा, ताई. हा थर केसाहूनही कितीतरी पातळ. पण कडक, आणि गुळगुळीत. त्याच्यावर काही घासलं तर घासणारं झिजेल, हा नाही. त्याचं एकच दुखणं आहे. तो तयार होतो तोच दाबाखाली. कण इतक्या जोरात येऊन बसतात की एकमेकांना चेंगरतात. जितका कडक थर हवा, तितका हा आतला दाब जास्त.

आत्या : बसमध्ये माणसं कोंबून दार लावल्यासारखं.

सर : अगदी तसंच. आणि दार उघडलं की...

आत्या : सगळे बाहेर.

सर : म्हणून खाली सिलिकॉनचा एक थर देतो आम्ही. गोंदासारखा. तो वरच्याला गोळ्यावर धरून ठेवतो.

भाची : आणि तो गोंद झिजतोय.

सर : मशिनमध्ये.

भाची : मशिनमध्ये तेच आहे जे हिच्या सांध्यात आहे. तसेच क्षार, तशीच प्रथिनं, तेवढंच तापमान. लेपाला कुठेतरी सुईच्या टोकाहून बारीक भोक राहून जातं, आत्या. तिथून द्रव आत शिरतो. वरून काही कळत नाही, गोळा काळा कुळकुळीत, आरशासारखा. आत मात्र गोंद कडेकडेने खाल्ला जातो. आणि मग एके दिवशी वरचा थर फोडासारखा उठतो आणि सुटतो.

सर : एकाच घाण्यातले नमुने होते ते. त्या दिवशी टाकी नीट साफ नसेल. असं होतं. तू स्वतः पाहिलंयस.

भाची : मलाही आधी तसंच वाटलं. वाटावं अशी इच्छा होती माझी. म्हणून दुसऱ्या घाण्यातला काढून बघितला. तोही सुटला. तुम्हाला दाखवला, तर तुम्ही म्हणालात, सूक्ष्मदर्शकाची काच पुसून घे.

सर : असं म्हणालो मी?

भाची : म्हणालात. आणि मी पुसली.

सर : हे बघ, मी आंधळा नाही. मला काय दिसत नव्हतं का? पण तू एक नमुना बघतेस, मला त्याच्यामागचं सगळं बघावं लागतं. ताई, तुमच्या भाचीच्या वयाचा होतो तेव्हापासून मी या एका काळ्या थराच्या मागे आहे. आधी ब्लेडवर चढवला, मग शिवणयंत्राच्या सुयांवर. लोक विचारायचे, याचं करणार काय तुम्ही? शेवटी तो माणसाच्या अंगात जाऊन बसला. तुम्ही त्या दिवशी वॉर्डातून चालत बाहेर आलात, मी जिन्यात उभं राहून रडलो होतो. हिला विचारा.

भाची : खरं आहे. रडले होते.

सर : आता कंपनीला सांगायचं, थांबा. ते म्हणणार, आणखी चाचण्या करून सिद्ध करा. आणि दुसऱ्याच दिवशी लॅबला कुलूप लावणार. कुलूप लागल्यावर चाचण्या कुठे करू? माझ्या घरच्या बाथरूममध्ये? इकडे आड, तिकडे विहीर.

आत्या : आणि मधे मी.

सर : ताई, तसं नाही म्हणायचं मला.

आत्या : म्हणायचं नसलं तरी आहे तसंच. मंगळवारी आणखी काहीजणांना हाच सांधा बसणार आहे ना? डॉक्टर तपासणीत म्हणाले होते, तुमच्या पंगतीला आणखी माणसं येतायत.

भाची : हो. मंगळवारीच.

आत्या : मग आता माझं ऐका दोघंही. माझा पाय वाजतो.

भाची : काय?

आत्या : किरकिरतो. जिना चढताना. सपाटीवर नाही वाजत, म्हणून तू मला खिडकी-दार करायला लावलंस त्याने काही हाती लागायचं नव्हतं. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज. आधी वाटलं, चपला. बदलल्या. मग वाटलं, कठडा हलतोय. कठडा सोडून चढले.

सर : कधीपासून? सतत येतो की भार पडला की? आणि वाकताना...

भाची : सर!

सर : माफ करा. सवय.

भाची : आत्या, मी आत्ता विचारलं तुला. इतक्यांदा विचारलं.

आत्या : तू दुखतं का विचारलंस. दुखत नाही. वाजतं का, हे कुठे विचारलंस?

भाची : असलं वकिली उत्तर देऊ नकोस मला!

आत्या : ओरडू नकोस. तुझी पदवी तोंडाशी आली होती. म्हटलं, एकदाची होऊ दे, मग सांगू. तोवर जिन्यात तुला पुढे पाठवायचे आणि मागून एकटी चढायचे. दम लागल्याचं नाटक करत.

भाची : आणि मी इथे बसून जीव जाळतेय की हिला सांगू कशी! तुला माहीत होतं सगळं?

आत्या : सगळं नव्हतं माहीत. गाडीत नवीन आवाज आला की काहीतरी सुटलंय, एवढं कळतं. काय सुटलंय ते आत्ता सरांनी सांगितलं.

सर : ताई, घाईने काही ठरवू नका. बसवलेला सांधा काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड असतं. दांडा हाडात रुतलेला असतो. काढताना हाडाला तडा जाऊ शकतो. तुम्ही पुन्हा अशा चालाल, याची खात्री कुणी देणार नाही. आवाज येतो म्हणजे लेपच सुटला, असंही छातीठोकपणे मी सांगू शकत नाही.

आत्या : मला काय हौस आलीय त्या टेबलावर पुन्हा झोपायची?

सर : नाही, मी आपलं...

आत्या : अहो, भीती वाटते मला. सांगू? अंथरुणात पडले की हाताने चाचपून बघते. वरून काही कळत नाही, पण आहे ते तिथे. गाडी बिघडली तर बाजूला घेऊन उतरता येतं माणसाला. यातून कुठे उतरू? मीच गाडी, मीच आत, आणि दार बाहेरून लावलेलं.

भाची : मला हाक का नाही मारलीस?

आत्या : आणि काय सांगायचं होतं? ऊठ, तुझा लेप ओरडतोय?

भाची : हो! हेच सांगायचं होतं!

आत्या : बरं, चुकलं. आता ऐक. माझं काय व्हायचं ते होईल. पण मंगळवारची माणसं अजून गाडीत चढलेली नाहीत. ती फुटपाथवर आहेत. त्यांना तिथेच थांबवता येईल. मी डॉक्टरांना कळवते की माझा सांधा वाजतोय. माझ्याच पायाची तक्रार करायला कुणाच्या कागदावर सही केलेली नाही मी.

सर : उपयोग होणार नाही.

आत्या : का?

सर : ते एक्स-रे काढतील. लेप एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणतील, लक्ष ठेवू, महिन्याभराने या. आणि मंगळवार होऊन जाईल.

भाची : मग मी जाते. नमुने घेऊन. आत्ताच्या आत्ता.

सर : कुठे आहेत ते?

भाची : या पिशवीत.

सर : दे इकडे.

भाची : नाही देणार.

सर : अगं, दे म्हणतो ना.

भाची : कपाटात परत ठेवायला? नाही, सर. काही झालं तरी नाही देणार.

सर : ऐकून तर घे! तू घेऊन गेलीस तर ती चोरी होते. उद्या कंपनीचा वकील हेच म्हणेल. विद्यार्थिनीने माल पळवला, घरच्या माणसासाठी. नमुने बाजूलाच राहतील आणि तुझ्यावरच खटला चालेल. मी घेऊन गेलो तर तो प्रयोगशाळेच्या प्रमुखाने दिलेला इशारा होतो.

भाची : तुम्ही... जाणार?

सर : मला असं बघू नकोस. मी आलो तेव्हा जाणार नव्हतो. नमुने न्यायलाच आलो होतो, आणि कपाटातच ठेवणार होतो. खरं तेच सांगतोय.

भाची : मग आता कसा विश्वास ठेवू?

सर : नको ठेवूस. मी तरी कुठे ठेवतोय माझ्यावर. खाली उतरून गाडीत बसलो की पुन्हा वाटायला लागेल, मधे सोमवार आहे अजून, एक चाचणी करून बघू.

आत्या : गाडीने आलात?

सर : हो.

आत्या : डॉक्टरांचं घर माहीत आहे?

सर : माहीत आहे.

आत्या : मग झालं तर. आम्ही येतो बरोबर. मी पुढे बसते, ही मागे. पिशवी हिच्याच मांडीवर राहू दे. दारात पोचलो की तुम्ही हातात घ्या, बोला तुम्ही, मी शेजारी उभी राहते. मुंगे, तोंड धू. आणि सर, तुम्ही रस्त्यात कुठेही गाडी बाजूला घ्यायची नाही. घेतलीत तर किल्ली माझ्याकडे द्यायची.

सर : द्यायची. बरं.

(काही आठवड्यांनंतर. हॉस्पिटलची खोली. आत्या पलंगावर, भाची खिडकीपाशी.)

आत्या : नीट सांग. आडपडदा नको. हाड किती फुटलंय?

भाची : तडा लांब आहे. तारेने बांधलंय. पाय टेकवायचाच नाही, निदान पावसाळाभर.

आत्या : आणि नंतर?

भाची : नंतर कुबडी. मग काठी.

आत्या : काठी कायमची का?

भाची : कदाचित.

आत्या : आणि गाडी?

भाची : आत्या...

आत्या : बरं. ते नको सांगूस आज. उशी सरकव जरा. नाही, तिकडे नाही. हं. माणूस छताकडे बघून बघून त्यातल्या भेगा पाठ करतो. सर येऊन गेले का?

भाची : खालूनच गेले. वर यायला धजले नाहीत. लॅबला कुलूप लागलं. त्यांना कंपनीने नोटिशीवर नोटीस लावलीय. पण मंगळवारच्या सगळ्यांना साधे सांधे बसले, ते सुद्धा नंतरच्या आठवड्यात. सगळे हिंडायला लागलेत म्हणे.

आत्या : चांगलं झालं. आणि तुझ्या प्रबंधाचं?

भाची : सरांनी सही केली. विद्यापीठाने बाजूला ठेवलाय, कंपनीचं म्हणणं येईपर्यंत. ते कधी येईल कुणालाच माहीत नाही. नोकरीचे अर्ज करावेत तर पदवी नाही. पदवीची वाट बघावी तर...

आत्या : म्हणजे तुझाही पाय टेकवायचा नाही सध्या.

भाची : असंच म्हण.

आत्या : माझ्यातला काढलेला गोळा बघितलास?

भाची : बघितला. काल. इथल्याच हॉस्पिटलच्या सूक्ष्मदर्शकाखाली, सर आणि मी दोघांनी.

आत्या : मग?

भाची : सुटलेला होता. एका बाजूला, नखाएवढा. बाकी सगळा शाबूत. काळा, चकचकीत. सर बराच वेळ डोळा लावून बसले होते. मग म्हणाले, बाकीचा किती सुंदर बसलाय बघ. आणि मग त्यांनाच कसंतरी झालं.

आत्या : बिचारा.

भाची : मला राग येत नाही त्यांचा. यायला हवा ना?

आत्या : जमेल तेव्हा ये म्हणावं रागाला. अगं, दारात कोण आहे बघ. मघापासून सावली हलतेय.

भाची : कुणीतरी बाई आहेत. राखाडी केसांच्या.

आत्या : त्या वाचनालयातल्या बाई. माझ्यानंतर दोनच दिवसांनी बसवला त्यांना हा सांधा. सकाळी माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. त्यांचा वाजत नाही, दुखत नाही, छान चालतात. हॉस्पिटलने सांगितलंय, काढायचा की ठेवायचा, तुम्हीच ठरवा. झोप उडालीय बाईंची. मी म्हटलं, माझी भाची दुपारी येईल, तिला विचारा.

भाची : मला? आत्या, मलाही नाही माहीत काय करावं ते. काढला तर तुझ्यासारखं होईल. नाही काढला तर...

आत्या : तेच सांग त्यांना. आता सगळं उघड झालंय, तुला बोलायला बंदी नाही कुणाची.

भाची : आणि त्यांनी विचारलं, माझ्या जागी तुमची आत्या असती तर?

आत्या : विचारतीलच. जा, किती वेळ उभं ठेवणार त्यांना दारात.

भाची : या ना, आत या. इथे बसा, ही खुर्ची पक्की आहे. चहा सांगू? बरं. आधी मला सांगा, कोणता पाय तुमचा?